घरच्या कॉफीला दुकानाची फूटपट्टी

‘गरिबाची एस्प्रेसो’! मोका पॉटबद्दल कुठेही वाचायला जावं, तर पहिल्या चार-पाच वाक्यांत हे विशेषण भेटतंच. कुणी जरा सभ्यपणे ‘जवळजवळ एस्प्रेसो’ म्हणतं. कुणी ‘एस्प्रेसोची धाकटी बहीण’ म्हणतं. आणि जे स्वतःला कॉफीतले जाणकार समजतात ते सरळच सांगतात, की बाबांनो, ही काही खरी एस्प्रेसो नव्हे, खरी हवी असेल तर मशीन घ्या.

मला या तिघांचाही राग येतो. शाळेत सदतीस वर्षं पेपर तपासण्यात गेली माझी. भूगोलाचा पेपर इतिहासाच्या आदर्श उत्तरपत्रिकेने तपासला, तर वर्गातला पहिला मुलगासुद्धा नापास होईल. त्यात मुलाचा काय दोष? मोका पॉटचं नेमकं हेच झालंय. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्याचा पेपर दुसऱ्याच विषयाच्या उत्तरपत्रिकेने तपासला जातोय, आणि ‘बरा आहे, पण...’ असा शेरा मारून परत दिला जातोय.

ज्यांनी हे भांडं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियमचं, अष्टकोनी, कमरेत बारीक, साधारण डमरूच्या आकाराचं हे भांडं. (आमच्या लहानपणी ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणत. म्हणजे हे जर्मनचं इटालियन भांडं झालं!) इटलीत त्याला नुसतंच ‘मोका’ म्हणतात. येमेनमधलं मोखा हे बंदर एके काळी कॉफीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं, त्यावरून हे नाव. भांड्याचे तीन भाग. खालच्या भागात पाणी. त्यावर एक नाळकं असलेली वाटी बसते, तिला तळाशी बारीक भोकं असतात आणि तिच्यात कॉफीची पूड भरायची. वरचा भाग रिकामा, त्याच्या मधोमध एक उभी नळी. वरचा भाग खालच्यावर घट्ट फिरवून बसवायचा आणि गॅसवर ठेवायचं. खालची हवा आणि वाफ तापून पसरते, पाण्यावर दाब देते. पाण्याला वर जायला नाळक्याखेरीज वाट नसते. ते कॉफीच्या पुडीतून वर चढतं आणि कॉफी होऊन वरच्या भांड्यात उतरतं. गंमत म्हणजे खाली नीट उकळी फुटायच्या आधीच पाणी चढायला लागतं. दोन भागांच्या मध्ये एक रबरी रिंग असते आणि खालच्या भागाला सेफ्टी व्हॉल्व्ह. आपल्या कुकरशी ज्यांचा संसार झालाय त्यांना यात नवीन काही नाही.

आता ‘खरी’ एस्प्रेसो म्हणजे काय ते पाहू. इटलीत १९९८ साली खास एस्प्रेसोसाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने ठरवलेलं माप असं, की एका कपाला साधारण ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, सुमारे २५ सेकंद वेळ आणि कपात उतरणार २५ मिली कॉफी. (इथे ‘बार’ हे दाबाचं एकक आहे, दुकान नव्हे!) वर बदामी फेसाचा थर हवा, त्याला ते ‘क्रेमा’ म्हणतात. मोका पॉटमधला दाब एक-दीड बारच्या पुढे सहसा जात नाही. फेस जवळजवळ नसतोच. कॉफी एस्प्रेसोपेक्षा पातळ, पण आपल्या गाळलेल्या कॉफीपेक्षा चांगलीच कडक. म्हणजे दोन्हींचा दाब वेगळा, दाटपणा वेगळा, चव वेगळी, प्रमाण वेगळं. ही एकाच पदार्थाची चांगली आणि वाईट अशी दोन रूपं नाहीतच. हे दोन वेगळे पदार्थ आहेत. भाकरीला ‘गरिबाची पोळी’ म्हणून बघा कुणी आमच्या सोलापूरकडे! भाकरी फुगली का, पापुद्रा सुटला का, ताटात येईपर्यंत मऊ राहिली का, हे विचारायचं. पोळीसारखे पदर का नाहीत, हे विचारायचं नसतं.

मग ही तुलना सुरू कुणी केली? इथे मात्र मोका पॉटच्या वकिलालाही थोडं खाली बघावं लागतं. ती सुरू केली खुद्द ते भांडं विकणाऱ्यांनीच.

उत्तर इटलीत, ओर्ता तळ्याजवळच्या ओमेन्या गावात क्रुसिनाल्लो नावाचा भाग आहे. तिथे अल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनियमचा कारखाना होता. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या धंद्यात काही वर्षं काढून, काम शिकून हे गृहस्थ परत आले होते. १९३३ साली त्यांच्या कारखान्यात हा पॉट तयार झाला. त्या काळी कपडे धुवायचा एक बंब असे, त्यात साबणाचं गरम पाणी मधल्या नळीतून वर चढून कपड्यांवर पडे. त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. भांड्याला नाव दिलं ‘मोका एक्स्प्रेस’. या नावातला ‘एक्स्प्रेस’ उगीच आलेला नाही. जाहिरातही याच अर्थाची होती, की घरच्या घरी बारसारखी एस्प्रेसो. (इटलीत बार म्हणजे दारूचा अड्डा नव्हे हो. उभ्या उभ्या कॉफी पिऊन कामाला निघायचं, ते दुकान.)

पण इथेच एक गोष्ट लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळा खटला या एका गोष्टीवर फिरतो. १९३३ साली बारमधली एस्प्रेसो होती तरी कशी? लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्या जातीची यंत्रं तेव्हा बारमधून चालत. ती वाफेवर चालायची आणि त्यांचा दाबही दीड बारच्या आसपासच असायचा. फेसाचा थर त्या कॉफीवर नसायचाच! म्हणजे बियालेत्तींनी ‘बारसारखी’ म्हटलं तेव्हा ती थाप नव्हती. घरचं भांडं आणि दुकानातलं यंत्र तेव्हा जवळजवळ एकाच इयत्तेत होते.

पुढे मिलानच्या अकिल्ले गाज्जा यांनी दांड्याचं यंत्र बनवलं. १९४८ च्या सुमाराला ते बाजारात आलं. हातानं दांडा ओढायचा, आतली स्प्रिंग दाबली जायची आणि ती सुटली की गरम पाणी कितीतरी पट जास्त दाबानं पुडीतून ढकललं जायचं. तेव्हा पहिल्यांदा कपावर तो फेस दिसला. यंत्रावर अभिमानानं लिहिलं जाई, की हे वाफेशिवाय चालतं. त्यानंतर एस्प्रेसो म्हणजे फेस आणि फेस म्हणजे एस्प्रेसो, असं ठरून गेलं. थोडक्यात काय, तर परीक्षा होऊन गेल्यावर अभ्यासक्रम बदलला आणि जुन्या विद्यार्थ्याला नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे नापास केलं. भांडं होतं तसंच राहिलं. ‘एस्प्रेसो’ या शब्दाचा अर्थ पायाखालून सरकला.

बरं, तेव्हा तरी विकणाऱ्यांनी भाषा बदलावी की नाही? नाही बदलली. कारभार अल्फोन्सो यांच्या हातात होता तोवर हा पॉट मुख्यतः आसपासच्या बाजारांतूनच विकला जात होता, आणि मधे युद्ध आलं. खरा खप वाढवला तो त्यांच्या मुलानं, रेनातो यांनी. युद्धानंतर १९४६ च्या सुमाराला त्यांनी कारभार हातात घेतला आणि जाहिरातींचा धडाका लावला. पॉल काम्पानी या चित्रकाराकडून एक मिशाळ बुटका माणूस काढून घेतला, तो आजही प्रत्येक भांड्यावर असतो. त्याचं बोट बघितलंय कधी? वर केलेलं असतं. दुकानात गिऱ्हाईक ‘एक कॉफी’ म्हणून करतं ना, तसं! म्हणजे घराघरातल्या ओट्यावर जे भांडं बसलं, त्याच्यावर चित्र मात्र दुकानातल्या गिऱ्हाइकाचं. करणाऱ्याचं नाही, मागणाऱ्याचं. रेनातो यांची भांड्यावरची निष्ठा वादातीत आहे, २०१६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. पण त्यांनी भांडं विकलं आणि सोबत एक न्यूनगंडही विकला, असं मी म्हणेन.

कुणी म्हणेल, बाई, घरच्या कॉफीला दुकानाखेरीज मोजणार तरी कशानं? दुसरं माप होतं कुठे? होतं की! नेपल्समध्ये मोका पॉटच्या कितीतरी आधीपासून ‘कुकुमेल्ला’ नावाचं उलटं करायचं भांडं घरोघरी होतं. खाली पाणी उकळायचं, उकळलं की सगळं भांडं उलटं करायचं आणि पाणी आपल्या वजनानं पुडीतून हळूहळू गळू द्यायचं. दाब नाही, वाफ नाही, घाई तर अजिबातच नाही. एदुआर्दो दे फिलिप्पो या मोठ्या नाटककाराच्या, १९४६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘क्वेस्ती फांतास्मी’ नाटकात या कॉफीचा एक प्रसिद्ध प्रवेश आहे. नायक आपल्या बाल्कनीत बसून समोरच्या बाल्कनीतल्या प्राध्यापकांना (जे आपल्याला कधी दिसतच नाहीत) कॉफी कशी करायची ते समजावून सांगतो. भांड्याच्या तोटीवर कागदाची पुंगळी बसवायची, म्हणजे गळेपर्यंत वास उडून जात नाही, हेही सांगतो. त्या माणसाच्या बोलण्यात ‘बारसारखी’ हा शब्द कुठेही डोकावत नाही. कॉफी आपण स्वतः, आपल्या घरी, निवांतपणे करतो याचाच त्याला अभिमान. हे झालं घरचं माप. ते अस्तित्वात होतं. जाहिरातीनं ते पुसलं आणि तिथे दुकानाचं लिहिलं.

यावर ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं? नाव काहीही द्या, कॉफी प्या’ असं म्हणणारेही भेटतील. पण मंडळी, चुकीच्या मापाचे परिणाम होतात आणि ते खिशापर्यंत पोचतात. एकदा का आपली कॉफी म्हणजे दुकानातल्या कॉफीची नक्कल असं मान्य केलं, की प्रत्येक नवा विक्रेता येऊन ‘माझी नक्कल जास्त हुबेहूब आहे’ एवढंच सांगतो आणि आपण पाकीट काढतो.

क्रम पाहा. आधी फेस नाही म्हणून हळहळ. मग फेस आणायचे उपाय. इटलीतल्या कित्येक घरांत कॉफीचे वर येणारे पहिले दोन-चार थेंब साखरेत घालून चमच्यानं पांढरट होईपर्यंत फेटतात आणि तो गोड फेस कपात घालतात. गोड म्हणून आवडत असेल तर खुशाल करावं, छानच लागतं. पण ‘बघा, आमच्यावरही फेस आहे’ असं दाखवण्यासाठी करायचं असेल तर कशाला? मग फेस यावा म्हणून नळीवर वजनदार झडप बसवलेला खास पॉट खुद्द बियालेत्ती कंपनीनंच काढला. आणि शेवटी आली कॅप्सूल. नेस्लेने १९८६ साली नेस्प्रेसो सुरू केली. ॲल्युमिनियमच्या एका टोपणात पाच-सहा ग्रॅम कॉफी, यंत्रात टाका, बटण दाबा. फेस हजर! आज बियालेत्तीसुद्धा कॅप्सूल विकते. मोका पॉट बनवणारा कारखानदारच जर ‘बारसारखी’ हेच ध्येय मानत असेल, तर त्यानं हे करणं तर्काला धरूनच आहे म्हणायचं.

मी एक छोटा गृहपाठ देते. एका कॅप्सूलमध्ये पाच ग्रॅम कॉफी धरा. म्हणजे एका किलोला दोनशे कॅप्सूल. आता दुकानात एका कॅप्सूलची जी किंमत असेल तिला दोनशेनं गुणा आणि उत्तर चांगल्या ताज्या दळलेल्या कॉफीच्या एक किलोच्या भावाशेजारी लिहा. फरकाची रक्कम तुम्ही कशासाठी देता, ते खाली दोन ओळींत स्पष्ट करा. शिवाय दोनशे रिकामी टोपणं उरतात ती वेगळीच. जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहराच्या सरकारनं २०१६ साली सरकारी पैशानं कॅप्सूलची कॉफी यंत्रं घेऊ नयेत असा नियम केला, तो या कचऱ्याच्या हिशेबानंच. मोका पॉटचा कचरा किती? कॉफीचा चोथा. तो कुंडीतल्या मातीत थोडाथोडा मिसळता येतो. आणि काही वर्षांनी एक रबरी रिंग. ती बदलायला तंत्रज्ञ लागत नाही.

कॅप्सूलच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, ते मी नाकारत नाही. ज्यांच्या हातात जोर उरला नाही, सांधे दुखतात, घट्ट बसलेलं भांडं फिरवता येत नाही, त्यांना बटण हे वरदान आहे. माझ्या वयाच्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको. कुणाला सकाळी खरोखरच पाच मिनिटं नसतात. त्यांनी जरूर वापरावी. माझं भांडण सोयीशी नाही. सोयीला ‘दर्जा’ म्हणून विकण्याशी आहे. ‘तुम्हाला हाताने नीट जमणार नाही, आम्ही करून देतो’ हे वाक्य गोड आवाजात सांगितलं तरी त्याचा अर्थ बदलत नाही. वर्गात मुलाची वही ओढून घेऊन गणित सोडवून देणारा मास्तर मुलांना फार आवडतो. पण परीक्षेत?

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त वजनदार आहे. ‘तुमची मोका पॉटची कॉफी खरंच जळकी आणि कडवट लागते, त्याचं काय?’ लागते, बऱ्याच घरांत लागते. घरचं माप म्हणजे मापच नाही, कसंही चालतं, असा अर्थ कुणी काढला तर तो मला मान्य नाही. पण जळकी लागली तर दोष भांड्याचा नसून करण्याचा असतो, आणि करणं शिकता येतं. तेव्हा नियम सांगते, थोडेच आहेत.

पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. व्हॉल्व्ह बुडवायचा नाही. तीन कपांच्या पॉटला साधारण दीडशे मिली पाणी आणि पंधरा-सोळा ग्रॅम पूड लागते, आणि हे ‘कप’ म्हणजे छोटे इटालियन कप, आपले चहाचे नव्हेत! पूड मध्यम बारीक, रव्याकडे झुकणारी, पिठासारखी नको. वाटी काठोकाठ भरायची, वरून बोटानं सपाट करायची, पण दाबायची नाही. दाबणं हा एस्प्रेसो यंत्राचा नियम आहे. तिथे दाब नऊ बारचा असतो म्हणून पूडही ठासून भरावी लागते. इथे ठासून भराल तर बिचारं पाणी चढणार कसं? (बघा, चुकीची फूटपट्टी नुसती मन खट्टू करत नाही, कॉफीही बिघडवते.) आच मंद, ज्योत बुडाच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर दांडा वितळेल. झाकण उघडं ठेवून बघत उभं राहिलं तरी चालतं. कॉफी मधासारखी, संथ, अखंड वर येते. तिचा रंग फिका पडू लागला आणि भांडं गुरगुरायच्या बेतात आलं, की लगेच आचेवरून उतरवायचं. ती गुरगुर म्हणजे खालचं पाणी संपत आलं आणि आता नुसती वाफ पुडीतून घुसतेय. कडवटपणाचा मोठा हिस्सा तिथून येतो. बहुतेक घरांत नेमकी त्या गुरगुरीचीच वाट बघतात, कुकरच्या शिट्टीसारखी. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा पॉट चालत नाही, स्टीलचा बघून घ्यावा.

घरगुती सोवळ्याबद्दलही बोलायला हवं, कारण दुकानाचं माप नाकारायचं म्हणजे आजीचं प्रत्येक वाक्य वेदवाक्य मानायचं असं नाही. ‘मोका पॉट कधी धुवायचा नाही, आतल्या काळ्या थरानेच चव येते’ असं इटलीतही सांगतात. कॉफीत तेल असतं. तेलाचा जुना थर खवट होतो. खवट तेलानं चव येते हे खरं, पण कुठली? भांडं दर वेळी गरम पाण्यानं धुवून, पुसून, उघडं वाळवावं, अधूनमधून सौम्य साबण लावून नीट खळबळलं तर काही बिघडत नाही. भांडी धुण्याच्या यंत्रात मात्र घालू नये, तिथल्या तीव्र पावडरीनं ॲल्युमिनियम काळं पडतं. पुडीचा डोंगर करून त्याला काडीनं तीन भोकं पाडायची प्रथाही आहे. पाणी भोकांतूनच पळतं, बाकीची पूड तशीच राहते. आधी गार पाणी घ्यावं की गरम, यावर तर दोन पंथच आहेत. दोन्हींची कॉफी चांगली होते. फरक चवीचा आहे, पापपुण्याचा नाही. आणि ‘शेकडो वर्षांची इटालियन परंपरा’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, की हे भांडं मुसोलिनीच्या राज्यातलं, १९३३ सालचं आहे. परंपरा आहे म्हणून नव्हे, कॉफी चांगली होते म्हणून वापरा.

तसंच परदेशी पाकिटाचा हट्टही नको. इटलीत मिळणारी कॉफी ही आयात केलेल्या बियांची असते, आणि भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं इटलीच आहे. कर्नाटक-केरळातल्या मळ्यांतली रोबस्टा तिकडच्या मिश्रणांत जाते. आपणच पिकवलेली कॉफी तिकडून सोनेरी पाकिटात परत घ्यायची आणि ‘अस्सल’ म्हणून मिरवायची, म्हणजे पिकतं तिथे विकत नाही तशातली गत. बिनचिकोरीची, ताजी दळलेली देशी कॉफी आणा. मोका पॉट तक्रार करत नाही.

हे सगळं इटलीतच घडलं असं समजून निर्धास्त होऊ नका. आपण काय वेगळं केलं? ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या रिसेप्शनमध्ये ‘एस्प्रेसो’ नावाचं एक पेय मिळायचं, आठवतं? फुसफुस आवाज करणारं यंत्र, वाफेनं फुगवलेलं दूध आणि वर चॉकलेटची पूड. इटालियन माणसानं ते एस्प्रेसो म्हणून ओळखलं नसतं. तरी त्याच्यासारखा फेस यावा म्हणून घराघरातल्या मुली-सुना इन्स्टंट कॉफी आणि साखर दोन थेंब पाण्यात घालून हात भरून येईपर्यंत फेटत बसायच्या! (तीच २०२० च्या टाळेबंदीत ‘डालगोना’ म्हणून जगभर फिरून आली.) आणि आपली दूध-साखरेची, वर जायफळ उगाळून घातलेली कॉफी? जिचा वास आला की घरातलं वातावरण बदलायचं? ती पाहुण्यांसमोर ठेवताना आता लोक ओशाळतात. तिच्यात कॉफी कमी आणि दूध जास्त असतं म्हणे. असेल! ती एस्प्रेसो व्हायला निघालीच नव्हती. इटलीतल्या गृहिणीनं मोका पॉटबद्दल संकोचून बोलणं आणि आपण जायफळाच्या कॉफीबद्दल संकोचून बोलणं, दोन्हींचं मूळ एकच. घरात काही चांगलं झालं की आपल्या तोंडून पहिली दाद काय निघते? ‘अगदी हॉटेलसारखं झालंय!’ करणाऱ्या बाईला त्यात कौतुक वाटतं, पण नीट ऐकलं तर त्यात घराला दुसरा नंबर देऊन ठेवलेला असतो.

मग घरच्या कॉफीचं माप काय? मी तरी असं म्हणेन. ती जळकी नसावी. जितकी माणसं बसली आहेत तितक्यांना एकाच वेळी मिळावी. बारमधला माणूस एकेक कप काढतो, पहिल्याचा पिऊन होतो तेव्हा तिसऱ्याचा येतो. मोका पॉट तिघांना एकदम देतो, हा त्याचा खास गुण, आणि नऊ बारच्या हिशेबात त्याला एकही मार्क नाही. केल्यावर खिशाला आणि कचऱ्याच्या डब्याला ती जड होऊ नये. आणि उद्या आजच्यापेक्षा बरी करता यावी, म्हणजे शिकायला जागा असावी.

आणखी एक नियम मुद्दाम शेवटी राखून ठेवला होता. मोका पॉटमध्ये आधी वर येते ती कॉफी दाट असते आणि मागाहून येते ती पातळ. ती तशीच ओतली तर एकाच्या वाट्याला कडक येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला पाणचट. म्हणून ओतण्याआधी वरच्या भांड्यात चमचा घालून ढवळायची. दुकानातल्या यंत्राला हा नियम लागत नाही, तिथे प्रत्येकाचा कप वेगळा. घरात लागतो. उद्या कुणी ‘गरिबाची एस्प्रेसो’ म्हणालं तर वाद घालू नका. ढवळलेल्या भांड्यातली कॉफी त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि ‘कॉफी घ्या’ एवढंच म्हणा.